गाण्याखालची जमीन कोणाची?

१

आंबेडकरी गाण्यावर एक आक्षेप फार जुना आहे. चाल उसनी, शब्द तेवढे स्वतःचे, असा तो आक्षेप. जलशातल्या शाहिराने भजनाची चाल घेतली, लावणीची घेतली, पुढे सिनेमातल्या गाण्याची घेतली आणि तिच्यावर बाबासाहेबांचे गाणे बांधले. प्रस्थापित समीक्षकाच्या लेखी ही नक्कल. ज्याला स्वतःची चाल नाही त्याला स्वतःचे संगीत नाही, आणि ज्याला संगीत नाही त्याला संस्कृती नाही, इथपर्यंत हा तर्क सरळ जाऊन पोचतो.

अमेरिकेतल्या काळ्या माणसालाही हा तर्क ऐकून घ्यावा लागला आहे. १८९३ साली रिचर्ड वालाशेक या युरोपीय अभ्यासकाने आदिम संगीतावर एक ग्रंथ लिहिला आणि गुलामांची गाणी ही बव्हंशी युरोपीय गाण्यांची नक्कल आहेत असा निर्वाळा दिला. काळ्या संगीतकारांनी या आक्षेपाला जे उत्तर दिले ते ग्रंथांतून कमी आणि वाद्यांतून अधिक दिले. त्यांनी गोऱ्यांची ओळखीची गाणी उचलली. कधी चाल ठेवून तिच्याखालच्या कॉर्ड बदलल्या, कधी कॉर्ड ठेवून वरची चालच फेकून दिली. गाणे ओळखू येत राहिले आणि तरीही ते पूर्वीचे गाणे राहिले नाही.

संगीताच्या पाठ्यपुस्तकात या कृतीला ओळखीचे गाणे 'समृद्ध' करण्याचे तंत्र म्हणतात. एका कॉर्डच्या जागी दुसरी योजणे हा त्याचा एक भाग. कॉर्ड तीच ठेवून तिच्या स्वरांची मांडणी बदलणे हा दुसरा. तंत्र म्हणून हे वर्णन बरोबर आहे. पण 'समृद्ध' हा शब्द मला अपुरा वाटतो आणि काहीसा फसवाही वाटतो. कोणाचे गाणे, कोणी आणि कोणासाठी समृद्ध केले, हे विचारल्याशिवाय या तंत्राचे मूल्यमापन होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रश्न काही प्रत्यक्ष गाण्यांच्या आधारे तपासायचा आहे.

२

प्रथम हे तंत्र म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी पियानो लागत नाही. समाजमंदिरातली पेटी पुरेशी आहे.

पांढरी एक हा सा धरावा. सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की एक कॉर्ड होते. आता गळ्याने फक्त शुद्ध गंधार लांबवावा. खाली सा-ग-प असताना तो गंधार आपल्या घरी बसल्यासारखा वाटतो. गळा तसाच ठेवून खालची बोटे ध-सा-ग वर न्यावीत. गंधार तोच, पण त्याच्यावर सावली पडते. मग म-ध-सा धरावे. आता तोच गंधार खालच्या तीन स्वरांपैकी नाही. मध्यमापासून मोजले तर तो सातवा पडतो, आणि त्याला एक हुरहूर लागते. गाणाऱ्याने काहीही बदललेले नाही. बदलली ती त्याच्या पायाखालची जमीन.

दुसरा प्रयोग याहून मोठा आहे. सा वर परतण्याआधी पाश्चात्त्य गाण्यात बहुधा प-नी-रे-म ही कॉर्ड येते. तिच्यातली सारी ओढ नी आणि म या दोन स्वरांत साठलेली असते. नीला वर सा गाठायचा असतो, मध्यमाला गंधारावर उतरायचे असते. आता नी आणि म जागच्या जागी ठेवावेत. पंचम आणि शुद्ध रिषभ काढून त्यांच्या जागी कोमल रिषभ आणि कोमल धैवत घ्यावेत. ओढ तीच राहते, पण खर्जातला स्वर आता पंचम नाही, कोमल रिषभ आहे, आणि तो अर्ध्या स्वराने घसरत सा वर येतो. मुक्काम तोच; वाट मात्र भलत्याच मुलखातून गेली. जॅझचे वादक याला ट्रायटोनचा पर्याय म्हणतात. गेली कित्येक दशके हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

मांडणी बदलणे ही गोष्ट याहून साधी दिसते, पण कमी महत्त्वाची नाही. तेच तीन-चार स्वर जवळ जवळ ठेवले तर दाटी होते, दूर दूर ठेवले तर मोकळे वाटते. कोणता स्वर तळाशी ठेवायचा, कोणता वर चढवायचा आणि कोणता गाळायचा, यावर कॉर्डचा स्वभाव ठरतो.

आपल्या रागसंगीतात हा प्रश्न या रूपात येत नाही, कारण तंबोऱ्याचा सा हलत नाही. प्रत्येक स्वराचा अर्थ त्या न हलणाऱ्या सा वरून ठरतो. जॅझमध्ये स्वराचा अर्थ त्या क्षणी खाली काय आहे यावर ठरतो. एकच माणूस गावच्या पाटलाच्या वाड्यासमोर एक असतो आणि शहरातल्या कारखान्याच्या दाराशी दुसरा असतो, हे ज्यांनी अंगावर सोसले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

३

जमीन बदलण्याचे पहिले मोठे उदाहरण काळ्यांच्याच गाण्यांवर घडले, आणि ते वरच्या दिशेने घडले.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात गुलामगिरी संपल्यानंतर, १८६६ साली, मुक्त झालेल्या काळ्यांसाठी फिस्क ही शाळा निघाली. ती पैशाअभावी बंद पडायच्या बेतात आली तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचा एक गायकसंघ १८७१ साली दौऱ्यावर निघाला. हेच फिस्क जुबिली सिंगर्स. त्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. शेतात आणि रात्रीच्या गुप्त प्रार्थनांत गायली जाणारी स्पिरिच्युअल गाणी त्यांनी सभागृहात आणली. १८७३ साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोरही ती गायली. त्या पैशातून संस्था वाचली आणि जुबिली हॉल उभा राहिला. या गायकांचे ऋण नाकारण्याचे काहीच कारण नाही. ती गाणी जगाला कळली ती त्यांच्यामुळे.

पण सभागृहात येताना गाण्याचे काय झाले? मूळ गाण्यात एक जण ओळ उचलतो, बाकीचे आपापल्या उंचीवर तिला भिडतात. कोणी आधी येतो, कोणी मागे राहतो, कोणी दोन पट्ट्यांच्या मधल्या सुरावर उभा राहतो. सभागृहासाठी या साऱ्याला चार आवाजांच्या युरोपीय स्वरमेळात बसवले गेले. पुढे हॅरी बर्ले या काळ्या गायक-संगीतकाराने हेच काम अधिक कुशलतेने केले. बर्लेचे आजोबा गुलामगिरीत राहिलेले. ती गाणी त्याने घरातच ऐकलेली. न्यूयॉर्कच्या कन्झर्व्हेटरीत ड्वोर्झाक हा बोहेमियन संगीतकार संचालक असताना बर्ले तिथे शिकत होता आणि ड्वोर्झाकला स्पिरिच्युअल गाऊन दाखवत होता. 'डीप रिव्हर' या गाण्याला त्याने पियानोची जी साथ बांधली तिच्यामुळे ते जगभरच्या मैफलींत पोचले. साथ सुंदर आहे, तिच्यातल्या कॉर्ड भरघोस आहेत.

याच सौंदर्यावर झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेने १९३४ साली बोट ठेवले. नॅन्सी क्युनार्डने संपादित केलेल्या 'निग्रो' या संग्रहातल्या आपल्या निबंधात तिने मैफलीतल्या या गाण्यांना 'नव-स्पिरिच्युअल' म्हटले. तिचे म्हणणे थोडक्यात असे: ही रचना चांगली असेल, पण ते स्पिरिच्युअल नव्हे. मूळ गाण्यातला स्वरमेळ खडबडीत असतो, तो प्रत्येक वेळी वेगळा होतो, आणि त्यातला खडबडीतपणा ही चूक नसून तेच त्याचे रूप आहे. शिकलेल्या संगीतकाराने इस्त्री करून तो काढू नये.

हर्स्टनचा हा मुद्दा आपल्या साहित्यिक वादांत ओळखीचा आहे. दलित आत्मकथनाची भाषा 'सुधारून' छापावी, बोली थोडी सौम्य करावी, म्हणजे ती व्यापक वाचकापर्यंत पोचेल, असा सल्ला देणारे कमी नव्हते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाही असू शकतो. पण ज्या समृद्धीने गाणे आपल्या माणसांच्या तोंडून काढून घेतले जाते ती समृद्धी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फिस्कमध्ये शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ सालच्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात या गाण्यांना दुःखाची गाणी म्हणून गौरवले. याच द्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने होणाऱ्या अर्जाची माहिती मागवली होती. दोन समाजांचे नाते कल्पनेतले नाही. ते कागदावर आहे.

४

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. येथे गाणे गोऱ्यांचे आणि जमीन बदलणारे हात काळे.

१९३० ते १९४५ या काळात अमेरिकेत नाचाच्या मोठ्या बँडचे संगीत, म्हणजे स्विंग, घराघरांत पोचले. संगीत काळ्यांनी घडवलेले. राजे मात्र गोरे. पॉल व्हाइटमनला आधी 'जॅझचा राजा' म्हटले गेले होते, मग बेनी गुडमनला 'स्विंगचा राजा' म्हटले गेले. गुडमनच्या बँडला ज्या बांधणींनी नाव मिळवून दिले त्यांतल्या अनेक फ्लेचर हेंडरसन या काळ्या संगीतकाराच्या होत्या. लेरॉय जोन्स, म्हणजेच पुढचे अमिरी बराका, यांनी १९६३ सालच्या 'ब्लूज पीपल' या पुस्तकात या अपहरणाची सविस्तर मांडणी केली आहे आणि त्याला मिळालेले उत्तर म्हणून बीबॉपकडे पाहिले आहे.

हे उत्तर घडले ते हार्लेममध्ये, ११८ व्या रस्त्यावरच्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात. हेन्री मिंटन या काळ्या सॅक्सोफोनवादकाने तो १९३८ साली सुरू केला होता. १९४० नंतर तेथे थेलोनियस मंक पियानोवर आणि केनी क्लार्क ड्रमवर असे. डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर आपापल्या नोकरीच्या बँडमधून सुटून मध्यरात्रीनंतर येत. ब्रॉडवेची ओळखीची गाणी तेथे वाजत, पण कॉर्ड बदललेल्या असत. ज्याला फक्त चाल पाठ आहे त्याला पाय ठेवायला जागा सापडू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. गिलेस्पी आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे तसे सांगितलेही आहे.

पार्कर याच्याही पुढे गेला. त्याने चालच टाकली. १९४५ सालच्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित झालेली 'को-को' ही रचना रे नोबल या इंग्रज संगीतकाराच्या १९३८ सालच्या 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डवर उभी आहे. 'चेरोकी' हे मूलनिवासी प्रेयसीवरचे गोड गाणे. ज्या चेरोकी लोकांना शंभर वर्षांपूर्वी, १८३८ साली, सैन्य लावून त्यांच्या भूमीतून हाकलले गेले त्यांचा त्यात मागमूस नाही. पार्करने त्या गोडव्याचा एक स्वरही ठेवला नाही. कॉर्डच्या वरच्या मजल्यावरचे, म्हणजे नवव्या, अकराव्या, तेराव्या स्थानाचे स्वर घेऊन त्याने तिथून स्वतःची रेषा काढली. अशीच 'ऑर्निथॉलॉजी' ही रचना 'हाउ हाय द मून' वर उभी आहे, आणि गर्श्विनच्या १९३० सालच्या 'आय गॉट रिदम' च्या कॉर्डवर तर किती रचना उभ्या राहिल्या याची मोजदाद अवघड आहे.

यात व्यवहारही होता. कायद्याने मालकी चालीला आणि शब्दांना मिळते. नुसत्या कॉर्डच्या क्रमाला ती सहसा मिळत नाही. जुन्या कॉर्डवर नवी चाल बांधली की ध्वनिमुद्रिका कंपनीला मूळ गीतकाराला पैसे द्यावे लागत नसत. कंपनीचा फायदा झाला हे खरे. पण वादकाच्या बाजूने पाहिले तर ती कायद्याच्या कुंपणातली फट होती. तिच्यातून त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधले.

मंकची 'एव्हिडन्स' ही रचना या दृष्टीने फार बोलकी आहे. 'जस्ट यू, जस्ट मी' या १९२९ सालच्या हलक्याफुलक्या प्रेमगीताच्या कॉर्ड त्याने घेतल्या. तू आणि मी म्हणजे आपण, 'जस्ट अस'; त्याचा उच्चार झाला 'जस्टिस', म्हणजे न्याय; आणि न्यायाला लागतो पुरावा, म्हणून 'एव्हिडन्स'. १९४८ साली ती मुद्रित झाली. कॉर्डची मांडणी बदलण्यात मंकच्या तोडीचा कोणी नव्हता. चार स्वरांच्या कॉर्डमधले दोन तो गाळी, उरलेल्यांना अर्ध्या स्वराच्या अंतरावरचा शेजारी देई, आणि मध्ये मोकळी जागा सोडी. ऐकणाऱ्याला वाटते की प्रेमगीताचे मांस गळून हाडे दिसत आहेत. पुराव्याचे रूप असेच असते. या मंकचा क्लबात वाजवण्याचा परवाना न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९५१ साली काढून घेतला आणि तो त्याला १९५७ साली परत मिळाला, हेही त्याच पुराव्यात धरले पाहिजे.

५

पण बीबॉपला केवळ जयजयकाराने सोडून देता येत नाही. एक आक्षेप खुद्द काळ्या समाजातून आला आणि तो आपल्यालाही लागू आहे. हे संगीत लोकांना नाचता येईना. मोठी नाचघरे सुटली, छोटे क्लब आले. श्रोता बसून ऐकू लागला आणि संख्येने कमी झाला. यामागे बाहेरची कारणेही होती. १९४४ साली अमेरिकन सरकारने नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर बसवला; तो लवकरच २० टक्क्यांवर आला तरी त्यामुळे नाचाशिवायचे वाद्यसंगीत मालकांना परवडू लागले. तरीही प्रश्न उरतो. ज्या कॉर्डमुळे अपहरण करणारा बाहेर राहिला त्याच कॉर्डमुळे आपला हमाल, आपली मोलकरीण बाहेर राहिली काय? दलित कविता दुर्बोध होते, ती वस्तीपर्यंत पोचत नाही, हा आपल्याकडचा वाद याच जातीचा आहे.

या वादाला एक उत्तर चर्चमधून मिळते. टॉमस डॉर्सी हा 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवणारा पियानोवादक. १९३२ साली त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूल गेले. त्या शोकात त्याने एका जुन्या, सर्वांना पाठ असलेल्या प्रार्थनागीताच्या चालीवर 'प्रेशस लॉर्ड' बांधले. गॉस्पेल परंपरेत अशा गाण्याच्या साथीला ब्लूजच्या कॉर्ड येतात. दोन सरळ कॉर्डच्या मध्ये अर्ध्या स्वराने सरकणारी तिसरी घातली जाते. प्रत्येक कडव्याला साथीदार जमीन थोडी वर उचलतो. हे सारे तांत्रिकदृष्ट्या बीबॉपपेक्षा सोपे आहे असे कोणी समजू नये. आणि हे गाणे चर्चमधली कष्टकरी बाई पहिल्या ओळीपासून गाते. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी महालिया जॅक्सनने हेच गाणे गायले.

म्हणजे कॉर्डच्या श्रीमंतीने गाणे लोकांपासून तुटत नाही. साथ करणारा कोणाचा श्वास ऐकत वाजवतो, यावर ते ठरते. गॉस्पेलचा ऑर्गनवादक समोरच्या माणसांचा हुंकार ऐकून पुढची कॉर्ड निवडतो. त्याची कला मंडळीच्या मध्ये बसलेली आहे.

हीच चर्चमधली जमीन रे चार्ल्सने १९७२ साली एका देशभक्तिपर गाण्याखाली घातली. 'अमेरिका द ब्युटिफुल' हे शाळेत, सभेत गायले जाणारे गाणे. कॅथरीन ली बेट्सचे शब्द, सॅम्युएल वॉर्डची सरळ, चौकोनी चाल. चार्ल्सने पहिले कडवे बाजूला ठेवले आणि तिसऱ्यापासून सुरुवात केली. म्हणजे देशाच्या निसर्गशोभेआधी त्याने देशासाठी झिजलेल्यांना जागा दिली. लय संथ केली, साथीला गॉस्पेलच्या कॉर्ड घेतल्या, आणि प्रत्येक मुक्कामाचा स्वर असा ओढला की तो मुक्काम गाठायला किती चालावे लागले हे कळावे. त्याने गाणे नाकारले नाही. या गाण्यावर माझाही हक्क आहे, पण तुम्ही जिथे उभे राहून गाता तिथून मी गाणार नाही, असे त्याचे सांगणे आहे. नकार आणि दावा एकाच गाण्यात आहेत. संविधानावर आपला जो हक्क आहे त्याची जात हीच.

६

जॉन कोल्ट्रेनचे उदाहरण मुद्दाम शेवटी घेतले आहे, कारण त्याने या तंत्राची दोन्ही टोके गाठली.

१९५९ साली मुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स' मध्ये सोळाच मात्राखंडांत तीन वेगवेगळे सा येतात, एकमेकांपासून सा-गंधाराच्या अंतरावर, आणि कॉर्ड इतक्या वेगाने बदलतात की साथीला बसलेल्या निष्णात पियानोवादकाचीही त्या मुद्रणात तारांबळ ऐकू येते. ही पद्धत त्याने १९६० साली गर्श्विनच्या 'बट नॉट फॉर मी' या गाण्याखाली घातली. पण ज्या तबकडीवर ते गाणे आहे तिचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते 'माय फेव्हरिट थिंग्ज' मात्र अगदी उलट वाटेने जाते.

हे गाणे १९५९ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतले. रॉजर्सची चाल, हॅमरस्टाइनचे शब्द. सुखवस्तू घरातल्या छोट्या छोट्या आवडत्या वस्तूंची ती यादी आहे. कोल्ट्रेनने २१ ऑक्टोबर १९६० रोजी ते वाजवले. चाल ठेवली; पण चालीनंतर जिथे वादनाला मोकळीक असते तिथल्या सगळ्या कॉर्ड काढून टाकल्या आणि दोनच ठेवल्या. एकीत कोमल गंधार, दुसरीत शुद्ध गंधार. सा दोन्हींचा एकच. त्या एकाच सा वर सोप्रानो सॅक्सोफोन घोळत राहतो आणि छोटेसे नाटकी गाणे तेरा मिनिटांहून लांब होते. गाण्यातला एकच भाग आहे ज्यात बोचऱ्या, दुखऱ्या गोष्टींचा उल्लेख येतो. तो कोल्ट्रेन अगदी शेवटापर्यंत राखून ठेवतो.

पियानोवर मॅककॉय टायनर आहे, आणि मांडणी बदलण्याचा धडा त्याच्याकडून घ्यावा. नेहमीची कॉर्ड एकाआड एक स्वर घेऊन होते: सा, ग, प. टायनर मध्यमाच्या अंतराने स्वर रचतो: सा, म, कोमल नी. या कॉर्डमध्ये गंधार नाही. त्यामुळे ती आनंदी की उदास हे पियानो ठरवत नाही. गंधार कोमल घ्यायचा, शुद्ध घ्यायचा की दोन्हींच्या मधला घ्यायचा, हे फुंकणारा ठरवतो. ब्लूजमधला जो स्वर पियानोच्या कोणत्याच पट्टीत सापडत नाही त्याला या मांडणीने जागा करून दिली.

त्या काळात कोल्ट्रेन आपल्याकडचे संगीत लक्षपूर्वक ऐकत होता. १९६१ साली त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. वर मी तंबोऱ्याच्या न हलणाऱ्या सा बद्दल लिहिले. कोल्ट्रेनने तोच स्थिर सा आपखुशीने निवडला, तीन सा ओलांडून झाल्यावर निवडला. जो सा वारशाने लादला जातो आणि जो सा माणूस हिंडून येऊन निवडतो, ते दोन्ही कानाला सारखे लागतील, पण एक नव्हेत. म्हणून हलती कॉर्ड म्हणजे मुक्ती आणि स्थिर सा म्हणजे बंधन असे सोपे समीकरण मांडता येत नाही. निवड कोणाची, हेच पाहावे लागते.

७

हे सारे आपल्याशी कोठे येऊन भिडते?

एक जागा मुंबईच्या सिनेमात आहे. १९३० नंतरच्या दशकात टेडी वेदरफर्डसारखे काळे अमेरिकन जॅझवादक मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक त्यांच्याकडून हे तंत्र शिकले आणि ते पुढे हिंदी सिनेमात घेऊन गेले. संगीतकार चाल सुचवी. तिच्याखाली कोणत्या कॉर्ड, कोणती व्हायोलिने, कोणत्या तुताऱ्या यायच्या हे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशी माणसे लिहीत. पडद्यावर त्यांचे नाव आलेच तर सहायक म्हणून येई. चालीचा मालक ठरला. जमीन तयार करणारा मजूर ठरला. हेंडरसनची गोष्ट येथे पुन्हा घडली.

दुसरी जागा आपल्याच गाण्याची. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्या शाहिरांनी जे केले ते आता नीट पाहता येते. बर्लेने चाल आणि शब्द ठेवून साथ बदलली. पार्करने साथ ठेवून चाल बदलली. आपल्या शाहिराने चाल ठेवून शब्द बदलले. जी चाल देवाच्या पायाशी संपत होती ती त्याने माणसापाशी आणून संपवली. ऐकणाऱ्याच्या कानात जुने गाणे असतेच. नवे शब्द त्या जुन्या अर्थाशी भांडत राहतात, आणि त्या भांडणात गाण्याचे बळ आहे. याला उसनवारी म्हणणाऱ्याने 'को-को' लाही उसनवारी म्हणावे आणि मग जगभरच्या संगीतसमीक्षेला तोंड द्यावे.

मात्र आपल्या बाजूने एक काम राहून गेले आहे. शब्द बदलले, पण साथीचा विचार आपण क्वचित केला. आज जयंतीच्या मंचावर कीबोर्ड असतो. बोट ठेवले की तयार ताल आणि तयार कॉर्ड वाजतात. गाण्याची चाल भैरवीच्या अंगाची, तिच्यात कोमल गंधार; आणि खाली यंत्रातून सा-ग-प, शुद्ध गंधारासह. दोन गंधार एकमेकांवर आदळतात. ब्लूजमध्ये असा आघात जाणून केलेला असतो. येथे तो दुर्लक्षातून होतो. मग गायक आपला कोमल गंधार नकळत वर चढवतो आणि चालीतली कळ जाते. हर्स्टनने ज्या इस्त्रीबद्दल लिहिले ती इस्त्री आता बटणावर आली आहे.

यावर उपाय कीबोर्ड फेकून देणे हा नाही. आपल्या साथीदारांनी बोटांनी विचार करावा. भैरवीच्या गाण्याला टायनरसारखी सा-म-कोमल नी ही गंधार नसलेली मांडणी देऊन पाहावी. गळा मोकळा राहतो. ध्रुपदाची ओळ सा वर संपते तिथे दर वेळी सा चीच कॉर्ड देण्याची सक्ती नाही. कोमल धैवत-सा-कोमल गंधार ही कॉर्ड द्यावी. गाणारा आपल्या सा वरच आहे, पण तो सा आता तळ राहत नाही; ओळ संपते आणि तरी विसावत नाही. अन्यायाची गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात हा विसावा पहिल्या कडव्यालाच द्यायचा की शेवटच्या कडव्यापर्यंत रोखून धरायचा, हा निर्णय सौंदर्याचा आहे आणि विचाराचाही आहे. कोल्ट्रेनने दुखरा भाग शेवटापर्यंत राखला, चार्ल्सने तिसरे कडवे आधी आणले. निर्णय वेगळे, पण ते घेतलेले निर्णय आहेत.

अशा बदलाची कसोटी तीन प्रश्नांत सांगता येईल. नव्या साथीवर वस्तीतली बाई ते गाणे पूर्वीइतक्याच सहजपणे गाऊ शकते काय? जमीन बदलल्यावर शब्दांतले जे आधी दबले होते ते वर आले काय? आणि हा बदल आपण आपल्या ऐकणाऱ्यासाठी केला, की ज्याने आपल्याला उसनवार म्हटले त्याच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून केला? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर कानाने मिळेल. तिसऱ्याचे उत्तर साथीदाराने आणि शाहिराने एकत्र बसून स्वतःला द्यायचे आहे. तालमीला ढोलकी आधी मिळवली जाते. त्याच वेळी हाही विचार व्हावा.